पाणी कुठवर आलतं

सांगलीत आठवण फुटात मोजतात. जुलै सरत आला, पाऊस लागून राहिला, की पानपट्टीपासून बँकेच्या खिडकीपर्यंत एकच चौकशी सुरू होते, ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या, 1929 साली झालेल्या या आयर्विन पुलाजवळ 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. सूर्यवंशी प्लॉटात पाणी कधी शिरतं, दत्तनगर कधी जातं, मारुती चौकात नाव कधी घालावी लागते, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. 2005 ला पाणी 53 च्या पुढं गेलं आणि गावानं मनाशी ठरवून टाकलं, की ह्याच्या वर काही येत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 57 च्याही वर चढलं.

माझ्या आत्याचं घर गावभागात. माजघराच्या भिंतीवर हे दोन्ही पूर आहेत. 2005 चा माझ्या कमरेच्या जरा वर, पुसट. 2019 चा डोक्याच्या वर. आपण सवयीनं ‘पुराची रेघ’ म्हणतो, पण ती एक रेघ नाहीच. पाणी एका दमात उतरत नाही. रात्रभर जागचं हलत नाही, पहाटे दोन बोटं खाली जातं, वर कोयनेतनं विसर्ग वाढला की पुन्हा बोटभर चढतं. जिथं जिथं ते थांबलं तिथं तिथं गाळाची एक रेघ सोडून गेलंय. वरच्या रेघा विरळ, खाली येईल तशा दाट, आणि शेवटच्या दोन-तीन वितींच्या भागात तर नुसता तपकिरी पट्टाच. त्यातच खार फुटलाय, पोपडे सुटलेत. एक पोपडा पडला की पिस्ता ऑइलपेंटखाली नीळ घातलेला चुना दिसतो, त्याच्याखाली गेरूचा हातभर पट्टा, त्याच्याखाली माती. आमच्याकडं घराला रंग लग्न ठरल्यावरच लागतो. त्यामुळं त्या भिंतीचा कुठलाही थर उकरा, घरातल्या कुणाच्या तरी वऱ्हाडाची गडबड हाताला लागते.

अमूर्त चित्रं इतिहासाबद्दल काही सांगू शकतात का, हा वाद मी पुष्कळ ऐकलाय. ज्यात माणूस नाही, घोडा नाही, किल्ला नाही, त्यात इतिहास कुठला? मला त्या वादापेक्षा आत्याच्या भिंतीपुढं काय होतं ते जास्त महत्त्वाचं वाटतं. घरात आलेला नवा माणूस पाणी पिऊन झालं की उठतो, वरच्या रेघेला हात लावतो आणि म्हणतो, ‘हितवर आलतं?’ उत्तर काय येणार हे त्याला दिसत असतं. विचारायचं असतं म्हणून विचारतो, आणि लगेच स्वतःचं सुरू करतो. सांगलीवाडीचा दूधवाला म्हशींची दावी कापली तेव्हाचं सांगतो. कापताना विळा हातातनं निसटला, तो अजून पायाला लागल्यागत होतो म्हणतो. आत्या स्वतः 2019 बद्दल फारसं बोलतच नाही. ती खालच्या रेघेकडं बोट दाखवून 2005 चं सांगते, कारण तेव्हा तिचे यजमान होते. भिंत एकच, आणि तिच्यावर कुणाचंच चित्र नाही. म्हणून तिथं सगळ्यांना जागा मिळते.

उलट अनुभव शाळेतला. पुरानंतर एका शाळेच्या चित्रकला स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय अर्थातच ‘महापूर’. झाडून सगळ्या कागदांवर कौलारू छप्पर, नाव, जवान आणि वर हेलिकॉप्टर. त्यातली काही पोरं आठवडाभर गच्चीवर अडकलेली होती, त्यांच्या शिक्षिकेनंच सांगितलं. त्यांच्याही कागदावर तेच हेलिकॉप्टर. कारण टीव्हीवर, मोबाइलवर पूर तसा दिसत होता. गच्चीवरच्या पोरानं पाहिलेला पूर, म्हणजे टाकीखालची सावली, बिस्किटाचे ओले पुडे, रात्री खालून येणारा पाण्याचा आवाज, यांना चित्रात शिरायला वाटच नव्हती. मी पोरांना दोष देत नाही. ओळखीच्या चित्राचा हा स्वभावच आहे, ते तयार असतं आणि आपल्या आठवणीला बाजूला सारून तिच्या जागेवर बसतं.

आत्याच्या शेजारच्या काकूंकडं एक अल्बम आहे. त्यांच्या लग्नाचा, रंगीत फोटोंचा, पानांमध्ये बटर पेपर असलेला जाडजूड. 2019 ला तो खालच्या कपाटात राहिला. पाणी ओसरल्यावर काकूंनी तो गच्चीत उन्हाला ठेवला, पानं सोडवता येतील तेवढी सोडवली. मी तो मांडीवर घेऊन बराच वेळ बघितलाय. रंगीत फोटोच्या कागदावर रंगांचे थर जिलेटिनमध्ये बसवलेले असतात: सगळ्यांत वर निळसर, मधे किरमिजी, तळाला पिवळा. पाण्यात जिलेटिन फुगतं आणि वरून सुटत जातं. आधी निळा गेला, म्हणून सगळं लाल झालं. मग किरमिजी वाहिला, म्हणून कडेनं नारिंगी. जिथं पाणी सगळ्यांत जास्त काळ साचलं तिथं नुसता पिवळा उरला, आणि त्याच्याही पलीकडं पांढरा कागद. मंडपातली पन्नास माणसं, वाजंत्री, मामा, करवल्या, सगळं मिळून एक लालपिवळा लोट. एका फोटोत फक्त एक कोपर शाबूत आहे, त्यावर वाकी.

काकू मात्र पान उलटत सांगत जातात, ‘हे माझे सासरे, ही नणंद, ही रुसलेली जाऊ.’ कुठल्या डागात कोण आहे हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांच्या सुनेला यातलं काही दिसत नाही. ती ह्या घरात नंतर आली. पण गंमत अशी, की चांगला होता तेव्हा हा अल्बम कपाटातच पडून होता, असं तीच सांगते. आता तो समोरच्या टीपॉयवर असतो आणि आलागेला त्यात आपापला पूर शोधतो.

गेरहार्ड रिख्टर या जर्मन चित्रकारानं 2014 साली जे केलं ते ऐकून माहीत असूनही, हा अल्बम बघेपर्यंत माझ्या अंगाला लागलं नव्हतं. 1944 च्या ऑगस्टमध्ये आउशविट्झ-बिर्केनाउच्या छळछावणीत, प्रेतं जाळण्याच्या कामाला जुंपलेल्या कैद्यांनी जीव धोक्यात घालून चोरून फोटो काढले. त्यातले चार बाहेर पोचले. फोटोवरून चित्र करण्यात रिख्टरचा हात धरणारे थोडेच. त्यानं ते चारही फोटो मोठ्या कॅनव्हासवर उतरवले, आणि मग त्यांच्यावर रंग ओढत गेला. लांब फळीसारख्या पट्टीनं, थरावर थर, करडा, काळा, मधूनच तांबडा, हिरवा. खालचं चित्र पूर्ण झाकलं जाईपर्यंत. आता तिथं चार अमूर्त चित्रं आहेत आणि त्यांचं नाव ‘बिर्केनाउ’.

यावर एक आक्षेप लगेच येतो. नाव सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. रिख्टरलाही हे कळत असणार, कारण प्रदर्शनात ते चार फोटोही चित्रांजवळ लावले जातात. मला यात काही कमीपणा वाटत नाही. काकू जवळ बसलेल्या नसतील तर अल्बमही नुसता भिजलेला कागदच आहे. अमूर्त चित्र एकटं इतिहास सांगत नाही. त्याच्याजवळ माहिती असलेलं कुणीतरी बसलेलं लागतं. फोटो ‘हे असं झालं’ म्हणून मोकळा होतो. झाकलेलं चित्र तुम्हाला तिथंच उभं करून ठेवतं, खाली काय आहे हे माहीत असताना. हेही सांगून टाकतो, की प्रत्येक अमूर्त चित्रात इतिहास शोधत बसू नये. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रांपुढं उभं राहून कुणी फाळणी किंवा आणीबाणी शोधायला लागला तर त्यांनी त्याला बहुधा दार दाखवलं असतं.

बंगाली चित्रकार-शिल्पकार सोमनाथ होर मला जास्त जवळचे वाटतात, कारण त्यांचा प्रवास हळू झाला. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात, विशीतले होर चितगावकडं भुकेनं मरणारी माणसं रेखाटत होते. बरगड्या, खोल गेलेले डोळे, मांडीवरचं मूल. ती रेखाटनं कम्युनिस्ट पक्षाच्या नियतकालिकांत छापली जायची, लोकांना कळावं, मदत यावी म्हणून. त्या घडीला तेच हवं होतं. तीसेक वर्षं गेली, आणि 1970 च्या दशकात शांतिनिकेतनात त्यांनी ‘जखमा’ ही मालिका केली. ओल्या मातीच्या लादीवर सुरीनं चिरे द्यायचे, टोचायचं, भोकं पाडायची. तिच्यावरून सिमेंटचा साचा काढायचा. त्या साच्यात कागदाचा लगदा दाबून वाळवायचा. हाती येतो पांढरा कागद, आणि त्यात पांढरीच जखम. काही ठिकाणी किंचित तांबडं. रंग जवळजवळ नाही, माणूस अजिबात नाही. उजेड बाजूनं पडला तर दिसते, समोरून पडला तर नाही.

दुष्काळ चालू असतानाच त्यांनी हे केलं असतं तर मला ते निर्दयपणाचं वाटलं असतं. माणूस समोर मरत असताना पांढऱ्यावर पांढरं कुणाला दाखवायचं? आधी चेहरे काढले, ते लोकांपर्यंत पोचवले, मगच चेहऱ्याविना काम करण्याचा हक्क त्यांना मिळाला असं मी मानतो. सांगलीचा पूर अजून हेलिकॉप्टरच्या टप्प्यावर आहे, तर असू दे. घाई कुणाला आहे?

चित्रकार झरीना हाश्मी यांचं 2001 चं एक लाकडी ठशाचं चित्र आहे, भारत-पाकिस्तान सीमेचं. कागदावर वेडीवाकडी काळी रेघ, बाकी काही नाही. अलीगढात जन्मलेल्या झरीनांचं कुटुंब पुढं पाकिस्तानात गेलं. लाकडी ठशात जे कोरून काढाल ते पांढरं राहतं आणि जे ठेवाल ते काळं उमटतं. म्हणजे ती सीमा त्यांनी कोरलेलीच नाही. तिच्या दोन्ही बाजूंचा मुलूख कोरून काढलाय. कोरताना सुटलेल्या बारीक कपच्या दोन्हीकडं शाईनं उमटल्यात. फाळणीवर मी वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा हे एक कृत्य मला जास्त कळतं.

आणि हे सगळं परदेशातनं किंवा कलकत्त्या-दिल्लीकडनं आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी माझ्या आजोळी नेतो. खटाव तालुका, औंधच्या बाजूचं गाव. गावाच्या वेशीवर एक वीरगळ उभी आहे. वीरगळीत तीन-चार टप्पे असतात: खाली लढाई, मधे वीराला अप्सरा वर नेतायत, वरती तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. आमच्या वीरगळीत यातलं चंद्रसूर्य तेवढं हाताला लागतं. बाकी सगळं उन्हापावसानं झिजलं आणि जे उरलं ते शेंदराखाली गेलं. गाव तिला म्हसोबा म्हणतं. तो वीर कोण, कुणाची गुरं सोडवताना पडला, हे कुणाला माहीत नाही.

पण आठवणींची तिथं दाटी आहे. आजी म्हणायची, प्लेग ह्याच्या अलीकडं आला नाही. मामा 1972 च्या दुष्काळात दगड फोडण्याच्या कामावर जायच्या आधी इथं नारळ फोडायचे. गल्लीतले एक म्हातारे पत्री सरकारच्या दिवसांतलं सांगायचे, की मागच्या खड्ड्यात बंदुका पुरल्या होत्या. सांगताना आवाज अजून खाली आणायचे, जणू पोलीस मारुतीच्या पारावर बसलेत. कोरीव काम ताजं असतं तर तो एका वीराचा दगड राहिला असता. झिजला म्हणून आख्ख्या गावाचा झाला. अभ्यासकाला झीज म्हणजे नुकसान, आणि त्याचं बरोबरच आहे. गावाचा मात्र त्यात फायदाच झाला.

तिथनं औंध जवळच. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधींना चित्रांची भारी हौस. रामायणाची चित्रं त्यांनी स्वतःच्या हातानं काढली, आणि 1938 ला उभ्या राहिलेल्या त्यांच्या संग्रहालयात राजा रविवर्म्यापासून इंग्रज शिल्पकार हेन्री मूरच्या आई-मुलाच्या दगडी शिल्पापर्यंत सगळं एका छपराखाली आहे. सहलीची मंडळी रविवर्म्यापुढं थांबतात, साडीचा पोत बघतात. मूरपुढून न थांबता जातात. परतीच्या वाटेवर तीच मंडळी गाडी थांबवून आमच्या म्हसोबाला हात जोडतात, ज्याला नाक नाही, डोळा नाही, हातपाय नाहीत.

एवढं सगळं बोलून झाल्यावरही एक गोष्ट मला सलते. नावं. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. गेलेल्यांत बायका, लेकरं होती. तिथं जाऊन मी झीज, डाग आणि मोकळी जागा यांवर व्याख्यान देणार आहे का? तिथं नावंच हवीत, गावासकट, वयासकट. आणि पूर का आला याची भांडणं, खालच्या अंगाला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची फूग, धरणांतला विसर्ग, पूररेषेच्या आत झालेली बांधकामं, ह्यांचा हिशेब कुठल्याही अमूर्त चित्रात मागता येत नाही. डागाला गुन्हेगार नसतो, ही त्याची सोय आहे आणि तोच त्याचा धोका. ज्याला जबाबदारी टाळायची आहे त्याला अमूर्त स्मारक फार परवडतं.

यातून वाट काढलेली एक जागा आहे. वॉशिंग्टनमधलं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक. 1981 मध्ये माया लिन या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला: जमिनीत उतरत जाणाऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या दोन भिंती, पुतळा नाही, झेंडा नाही. लोक खवळले, हे कसलं स्मारक म्हणून इतका गदारोळ झाला की पुढं 1984 मध्ये जवळच तीन सैनिकांचा ओळखू येणारा पुतळा बसवावा लागला. पण त्या काळ्या भिंतीवर नावं आहेत. आज 58 हजारांवर. बाराखडीच्या क्रमानं नाहीत, माणसं ज्या क्रमानं गेली त्या क्रमानं. घासून चकचकीत केलेल्या दगडात नाव वाचणाऱ्याचं तोंड दिसतं. लोक कागद लावून पेन्सिलीनं नाव उमटवून घरी नेतात. आकार सगळ्यांसाठी मोकळा, आणि नाव ज्याचं त्याचं. कृष्णाकाठी कधी असं काही झालं तर ह्या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात, एवढं मला कळतं.

मिरजेत माझ्या ओळखीचा एक चित्रकार आहे. त्यानं हरिपूरच्या पेवांवर काम केलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या ह्या गावात हळद जमिनीखालच्या खड्ड्यांत, म्हणजे पेवांत, ठेवायची रीत होती. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत पोट मोठं, वीस-पंचवीस फूट खोल. माती अशी की पाणी झिरपत नाही. हळद वर्षानुवर्षं किडायची नाही. आत उतरायचं तर आधी तोंड उघडून हवा खेळू द्यायची, कंदील सोडून बघायचा. 2005 ला ह्या पेवांत वरून पुराचं पाणी शिरलं आणि हळद आतल्या आत कुजली. 2018 ला सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तोवर बहुतेक पेवं बुजलेली होती.

त्यानं पेव काढलं नाही. मांजरपाटाचे लांब पट्टे घेतले, त्यांना घाटावरचा गाळ लावला, वर हळद, आणि काही ठिकाणी चुन्याची निवळी. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच करतात. कुठं किती लाल होईल ते त्याच्या हातात नव्हतं. काही पट्ट्यांवर नुसती कड लाल झाली, काहींवर मधोमध मोठा ओघळ. प्रदर्शन सांगलीतच एका कार्यालयाच्या हॉलमध्ये. बघणारे यायचे, मोबाइलवर फोटो काढायचे, ‘रंग छान आहेत’ म्हणायचे.

पट्टे वाहून आणणाऱ्या टेम्पोवाल्याचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. ते पोराबरोबर आत आले, एका पट्ट्याजवळ गेले आणि आधी वास घेतला. ‘हळद जुनी हाय,’ म्हणाले. मग पट्ट्याला पाठ करून, कुणाकडंच न बघता सांगायला लागले. पाणी उतारल्यावर पेवं उघडली तेव्हा ते उपसायला उतरले होते. वाफ बाहेर येत होती. काळा-पिवळा चिखल घमेल्यानं वर द्यायचा. भाकरी खाताना हात धुऊनही वास जायचा नाही, बायको ताट लांब सरकवायची. व्यापाऱ्याचं नुकसान पेपरात आलं, हमालांची बुडालेली मजुरी आली नाही, हेही त्यांनी सांगितलं. जाताना चित्रकाराला म्हणाले, ‘लाल कशाला केलंय? लाल नव्हतं.’ तो म्हणाला, ‘आपसूक झालं.’ ‘मग ऱ्हाऊ दे.’

चित्रकाराशी माझा वाद चालू आहे तो एका कार्डावरनं. माझा हट्ट, की पट्ट्यांजवळ लिहावं: हरिपूर, ऑगस्ट 2005, पेवं. त्याचं म्हणणं, लोक मग कार्ड वाचतात आणि पुढं जातात. हमालाला कुठं कार्ड लागलं? मी म्हटलं, हमाल सांगलीचा होता म्हणून. हेच पट्टे तू पुण्याला नेणार, तिथं कुणाच्या नाकाला कळणार आहे हळद जुनी की नवी? शेवटी तो कार्डाला तयार झाला, पण ते दारात लावायला नाही. बाहेर पडायच्या वाटेवर लावतो म्हणतो, म्हणजे ज्याला परत बघायचंय तो मागं फिरेल. पेवं बुजण्याआधीच्या ज्या मालकांची आणि ती उपसणाऱ्या ज्या हमालांची नावं मिळतील तीही त्यावर घालायची, असं मी सुचवलंय. नावांसाठी आम्ही पुढच्या रविवारी हरिपुरात जाणार आहोत. टेम्पोवाल्याचे वडील बरोबर येतो म्हणालेत, पण बाजार बंद असेल तरच.